म्हणे पाचच किलोमीटर! ओरिएंटियरिंगचा एक आठवडा आणि तो पाच नंबरचा कंट्रोल

ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि कंपास घेऊन, जंगलात लावलेले कंट्रोल (फ्लॅग लावलेल्या जागा) क्रमाने शोधत पळायचं, आणि त्या सगळ्या मार्गाला कोर्स म्हणतात. आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल. कोर्सवर जे "५.२ किमी" छापलेलं असतं ना, ते अंतर पट्टीचं असतं, पायांचं नाही. स्टार्टपासून एक नंबर, एकपासून दोन नंबर, असं नकाशावर सरळ रेघ ओढून मोजतात. मधे टेकाड आलं, ओढा आला, काटेरी जाळी आली, पट्टीला त्याचं काय! शनिवारी माझ्या घड्याळात ८.६ भरले आणि वेळ लागला दोन तास नऊ मिनिटं. ज्याने मला हा आठवड्याचा प्लॅन आखून दिला तो या खेळात मुरलेला माणूस, आणि तो काय म्हणाला होता, "अगं पाचच तर किलोमीटर, तासाभरात येशील." तास झाला तेव्हा मी पाच नंबरच्या आसपास कुठेतरी जाळीत बसून बाहीतले काटे काढत होते.

तर झालं असं. सुट्टी न टाकता, ऑफिस, घर, बाकीची कामं सगळं चालू ठेवून सोमवार ते रविवार रोज काहीतरी करायचं असं ठरवलं होतं, पळणंही आणि नकाशाही. मी धरून चालतेय की तुम्हाला दहा किमी न थांबता पळता येतं, पूर्ण लांबीची पँट आणि गेटर (नडगीवर चढवायचं आवरण) तुमच्याकडे आहेत आणि कंपास कसा धरायचा ते माहितीय. नसेल तर आधी ते करा, मग हे वाचा.

सोमवारी हलकं पळणं, पाऊण तास, हातात नकाशा आणि नकाशावर अंगठा आपण आहोत तिथे. छान झालं, त्यावर सांगण्यासारखं काही नाही. मंगळवारी तीन-तीन मिनिटांचे सहा इंटरव्हल, आणि प्रत्येक इंटरव्हल संपला की दम लागलेला असतानाच पाच सेकंद नकाशा बघायचा, खिशात टाकायचा आणि पुढचा लेग, म्हणजे एका कंट्रोलपासून पुढच्यापर्यंतचा टप्पा, मोठ्याने बोलून दाखवायचा. "सोंडेवरून खाली, डावीकडे घळ, घळीच्या तोंडाशी दगड" असं. (सोंड म्हणजे टेकडीची पुढे आलेली धार.) हे जरूर करा. बसल्या जागी नकाशा सगळ्यांनाच वाचता येतो, छाती भात्यासारखी चालू असताना डावं-उजवंसुद्धा उलटं होतं. चौथ्या इंटरव्हलनंतर मी घळीला सोंड म्हणाले आणि मला पत्ताच नाही. दोन्हीच्या कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) इंग्रजी यू सारख्याच वळतात, वळण उताराकडे की चढाकडे एवढाच फरक, पण तिथे चुकलात तर सरळ टेकडीच्या चुकीच्या बाजूला उतरता.

बुधवार ऑफिसने खाल्ला. संध्याकाळची मीटिंग लांबली, घरी येऊन वॉशिंग मशीन लावलं आणि ते फिरेपर्यंत जिन्यात बसून जुना नकाशा बघत बसले. त्याला ट्रेनिंग म्हणायचं तर म्हणा. मी म्हणते.

गुरुवारी रात्री हेडलॅम्प लावून. दोनच गोष्टी सांगते. फोन छातीच्या खिशात ठेवून कंपास छातीसमोर धरला तर सुई फोनकडे बघते, उत्तरेकडे नाही, मला हे कळायला अर्धा किलोमीटर वाकडं जावं लागलं. आणि हेडलॅम्पच्या उजेडात छोटासा खड्डासुद्धा त्याच्या सावलीमुळे दरीसारखा दिसतो, त्यामुळे रात्री बारीकसारीक गोष्टींच्या नादी लागू नका, कुंपण, वाट, ओढा असलं काहीतरी मोठं धरून चला. शिट्टी गळ्यात ठेवा, मिनिटभरात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, परत सहा, ही मदतीची खूण. आणि किती वाजता परत येणार ते घरी कोणालातरी सांगून जा, नुसतं "येते जरा पळून" नको.

शुक्रवारी विश्रांती, म्हणजे फक्त पावलं मोजणं. शंभर मीटरची आखलेली जागा शोधायची आणि एकाच पायाची पावलं मोजायची, मी डावा पाय मोजते. ट्रॅकवर माझी ४१ होतात. मोकळ्या जंगलात ५२ होतात हे मला आधीच माहीत होतं. गर्द झाडीतले आकडे काढायचे राहिले, कारण म्हटलं कशाला, गर्द झाडीत जातंय कोण.

आता शनिवार.

चार नंबरच्या कंट्रोलपर्यंत सगळं ठीक होतं, पस्तीस मिनिटं, जरा हळू पण चुकले कुठेच नाही. चारपासून पाच नकाशावर मोजलं तर बोटाच्या पेरापेक्षा थोडंसं जास्त, २.४ सेंटीमीटर. म्हणजे २४० मीटर. आठवडाभर मी ज्या नकाशावर सराव केला तो १:१०००० होता, १ सेंटीमीटरला १०० मीटर, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की बघायची गरजच वाटली नाही. आणि शनिवारचा नकाशा होता १:१५०००. त्यावर १ सेंटीमीटर म्हणजे १५० मीटर. म्हणजे तो लेग ३६० चा. स्केल छापलेलं होतं हो, खालच्या कोपऱ्यात, आणि तो कोपरा मी अंगठा नीट बसावा म्हणून आत दुमडला होता! माझी चूक, कबूल. पण प्लॅन देणाऱ्याने आठवडाभर एक स्केल देऊन ऐन मुख्य दिवशी दुसरं हातात द्यायचं आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही, ह्याला काय म्हणायचं? नंतर विचारलं तर म्हणे "लाँगला १:१५०००च असतो, सगळ्यांना माहीत असतं." सगळ्यांना! बरोबर आहे, लाँगला १:१५०००, मिडलला १:१००००, स्प्रिंटला १:४००० (हे स्पर्धेचे लांब, मध्यम आणि छोटा असे प्रकार) असं साधारण असतं, पण मला लाँग आहे असं कोण म्हणालं होतं, मला तर "पाचच किलोमीटर" म्हणाले होते.

बरं, त्याच्या पुढची गंमत बघा. मी हिशोब केला २४० मीटर म्हणजे ट्रॅकच्या हिशोबाने ९८ पावलं. पहिले साठ-पासष्ट मीटर मोकळं होतं, मग गर्द. गर्द म्हणजे नकाशावरचा सगळ्यात गडद हिरवा. नवीन लोकांसाठी: पांढरं म्हणजे मैदान नाही, पांढरं म्हणजे पळता येण्यासारखं जंगल. मैदान पिवळं. हिरवं जितकं गडद तितका वेग कमी, आणि सगळ्यात गडद हिरवा म्हणजे तुमच्या नेहमीच्या वेगाच्या २० टक्केसुद्धा मिळणार नाही. किलोमीटरला सहा मिनिटं पळणारा तिथे शंभर मीटरला तीन मिनिटांहून जास्त लावतो, आणि ते दोन्ही हातांनी फांद्या बाजूला करत, मान खाली, डोळे अर्धे मिटून. पाऊल कसलं पडतंय, नुसतं सरकणं असतं. नंतर मी तिथेच मोजून बघितलं, माझी शंभर मीटरला ६७ भरली. म्हणजे ९८ पावलांना मी पोचले होते साधारण १६० मीटरवर. कंट्रोल अजून दोनशे मीटर पुढे आणि मी तिथेच थांबून शोधायला लागले.

आणि काय शोधलं, काय शोधलं! तेवीस मिनिटं. ह्या दगडामागे, त्या दगडामागे, इथेच कुठेतरी असणार, इथेच असणार. मधे एकदा नारिंगी-पांढरा फ्लॅग दिसला तेव्हा खरंच ओरडले आनंदाने, धावत गेले, त्यावरचा कोड, म्हणजे त्या कंट्रोलचा ओळखीचा आकडा, बघितला तर ४३. मला हवा होता ३४. एक सेकंद डोक्याने ४३ ला ३४ वाचून पण टाकलं होतं, हात पंच करायला, म्हणजे पोचल्याची नोंद करायला, पुढे गेला होता. दुसऱ्या कोणाच्या तरी कोर्सचा फ्लॅग. म्हणून सांगते, वर्णनाच्या पट्टीवर (कुठला कंट्रोल कशापाशी आहे ते सांगणारा कागद) कोड छापलेले असतात ते प्रत्येक वेळी बघा, दमलेले असाल तर दोनदा बघा, स्पर्धेत चुकीचा पंच म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. तो ४३ कुठे आहे हे माझ्या नकाशावर नव्हतंच, त्यामुळे त्याचा मला काडीचाही उपयोग नाही. ह्याच सगळ्या गोंधळात कधीतरी बाटलीचं झाकण पडलं आणि पँटवर पाणी सांडलं, ते वेगळंच.

करायचं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. सापडत नाहीये म्हटल्यावर दोन मिनिटांत शोध थांबवायचा, नकाशा कंपासवर धरून उत्तर जुळवायची आणि शेवटची जी जागा शंभर टक्के माहिती होती तिथे परत जायचं. पण परत जायचं म्हणजे ती जाळी पुन्हा तुडवायची, आणि तिथे माणसाचा अहंकार आडवा येतो. शेवटी मी वैतागून डावीकडे बाहेर पडले, वाट सापडली, वाटेच्या ठळक वळणापर्यंत गेले आणि तिथून कंपास लावून आत साठ मीटर. समोर दगड, दगडाला टेकून फ्लॅग, ३४. असा हसत होता तो फ्लॅग माझ्याकडे बघून. एका लेगला एकतीस मिनिटं. १८९७ साली नॉर्वेत पहिली जाहीर स्पर्धा झाली म्हणतात, तेव्हापासून लोक हरवतायत, मी काही पहिली नाही एवढंच समाधान.

रात्री घरी बसून हिशोब केला आणि अजून राग आला. वाटेने गेलं असतं तर ७५० मीटर, चढाच्या दोन कंटूर, म्हणजे १० मीटर चढ. एक मीटर चढ हा सपाटीवरच्या आठ-दहा मीटरच्या बरोबरीचा धरतात, म्हणजे सगळं मिळून ८५० मीटरच्या आसपास, पाच-साडेपाच मिनिटं. सरळ गर्द झाडीतून, एक पाऊलही न चुकता गेले असते तरी नऊ-दहा मिनिटं. म्हणजे सरळ जाणं कागदावरसुद्धा चूक होतं. नकाशाने मला फसवलं नव्हतं. त्या २.४ सेंटीमीटरने फसवलं, जवळ दिसतंय तर सरळ जाऊ म्हटलं.

सहापासून पुढचं फार आठवत नाही. आठव्या लेगला नकाशावरचा पिवळा पट्टा प्रत्यक्षात कमरेएवढ्या झुडपांनी भरलेला होता, तिथेही बारा मिनिटं गेली. नकाशाच्या कडेला सर्वेक्षणाचं साल असतं ते बघत जा, माझ्या हातात होता तो अकरा वर्षं जुना. झाडी वाढते, वाटा मोडतात, तपकिरी रेषा, म्हणजे कंटूर, मात्र तशाच राहतात. जुना नकाशा असेल तर हिरव्या-पिवळ्यावर भरवसा नको, टेकडीच्या आकारावर चला. आणि कोर्स अर्धवट सोडलात तरी फिनिशला जाऊन "मी आले" एवढं सांगा, नाहीतर तुम्ही घरी आंघोळ करताय आणि तिकडे लोक तुम्हाला शोधत जंगलात.

रविवारी सकाळी स्प्रिंट होती, इमारतींमधून, १:४००० चा नकाशा, अठरा मिनिटं, मजा आली. त्यात काय सांगू, नकाशावर जाड काळी रेघ असलेली भिंत तुम्हाला उडी मारून ओलांडता येत असली तरी ओलांडू नका, बाद करतात, बस.

मग दुपारी मी एकटीच परत त्या जंगलात गेले. कोणी सांगितलं नव्हतं. पाय भरून आले होते, सोमवारचं ऑफिस डोक्यावर, पण राहवलं नाही. चार नंबरच्या जागेपासून घड्याळ चालू केलं, वाटेने, वळणापर्यंत, तिथून आत. पाच मिनिटं चाळीस सेकंद. शनिवारी एकतीस, रविवारी पाच चाळीस! म्हणून माझा सल्ला ऐका, गडद हिरवं दिसलं की वाट, नेहमी वाट, मला कोणी काही सांगू नका. (हो, कधी कधी सरळच बरं पडतं. पण आज मी ते लिहिणार नाही.)

फ्लॅग काढून नेलेला होता, नुसता दगड होता, माझ्या कमरेएवढा. त्याला एक चक्कर मारली. मागच्या बाजूला जाळीत काहीतरी निळं दिसलं म्हणून वाकून बघितलं तर माझ्या बाटलीचं झाकण. मोजली, बारा पावलं. म्हणजे शनिवारी त्या तेवीस मिनिटांत कधीतरी भटकत मी तिथे उभी होते, दगडाकडे पाठ करून.

झाकण धुऊन लावलंय. गळत नाही.