लघवीचा आकडा आणि अंगावरचे स्नायू

मैदानावर "तुझ्यात पाणी कमी आहे" असं फार पटकन ठरवलं जातं, आणि बहुतेकदा ते लघवी पाण्यापेक्षा किती दाट आहे हे सांगणाऱ्या एकाच आकड्यावरून: १.०२०. मी खेळाडूंची फिजिओथेरपिस्ट आहे, हा दाटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर सतत हातात असतो, म्हणून या आकड्याबद्दल लिहावंसं वाटलं.

उपकरण साधं आहे. काचेवर लघवीचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून भिंगातून बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात, तिथली रेघ वाचायची. शुद्ध पाण्याची रेघ १.००० वर असते. लघवीत विरघळलेलं जितकं जास्त, तितकी ती वर सरकते. १.०२०च्या वर गेली की पाणी कमी, हा सरसकट नियम.

पण लघवीत काय विरघळतं, ते नुसतं पिण्यावर ठरत नाही. क्रिएटिनिन, म्हणजे लघवीतून बाहेर पडणारा एक टाकाऊ पदार्थ, स्नायूंमधून येतं. अंगावर स्नायू जास्त असले तर तेही रोज जास्त बाहेर पडतं. प्रथिनं भरपूर खाणाऱ्याच्या लघवीत युरिया वाढतो. त्यामुळे आडदांड गोळाफेकपटू आणि सडपातळ धावपटू दोघंही नीट पाणी पीत असले, तरी गोळाफेकपटूची रेघ वर दिसू शकते. त्याला त्यासाठी चारचौघांत बोलणी खावी लागतात, हे मला अजिबात पटत नाही. शिवाय बोलणी टाळायला तो चाचणीआधी घटाघटा पाणी पितो. लघवी लगेच पातळ होते, आकडा खाली येतो, पण शरीरातली तूट भरलेली असेलच असं नाही.

पाण्याचा साठाही शरीराच्या घडणीवर ठरतो. चरबी वगळून उरलेल्या वजनात साधारण ७३ टक्के पाणी असतं, चरबीच्या पेशींमध्ये फारच कमी. ८० किलोच्या दोघांचा हिशोब करून बघा. एकात १५ टक्के चरबी: पाणी जवळजवळ ५० लिटर. दुसऱ्यात ३५ टक्के: ३८ लिटर. दोघांच्या घामातून १.६ लिटर गेलं, तर वजनकाट्यावर दोघांचीही घट २ टक्केच. पण पहिल्याच्या साठ्यातलं ३ टक्क्यांच्या आसपास गेलं आणि दुसऱ्याच्या साठ्यातलं ४ टक्क्यांहून जास्त.

चरबी मोजणारं यंत्र तर पाण्यावरच चालतं. ते अंगातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं, त्याला होणाऱ्या विरोधावरून पाण्याचा अंदाज बांधतं आणि त्यावरून चरबी काढतं. पाणी घटलं की विरोध वाढतो आणि चरबी वाढल्यासारखी दिसते. सरावानंतर लगेच उभं राहिलात तर तापलेल्या त्वचेमुळे आकडा उलट दिशेनेही हलतो. म्हणून माझ्याकडे ही मोजणी सकाळी, उपाशीपोटी, लघवी करून आल्यावरच होते.

या दोन मोजण्या किती गुंतलेल्या आहेत, हे कुस्तीत स्पष्ट दिसतं. १९९७च्या अखेरीस अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर झटपट वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथे प्रत्येकाचं किमान वजन चरबीच्या प्रमाणावरून ठरू लागलं, आणि त्याआधी लघवीची चाचणी सक्तीची झाली. मला तो नियम योग्यच वाटतो. जीव वाचवायला कुठेतरी रेघ आखावीच लागते. रोजच्या सरावात मात्र तीच रेघ सगळ्यांना लावायची गरज नाही.

मी प्रत्येकाची स्वतःची वही ठेवते: सकाळचं वजन, तहान, लघवीचा आकडा, सरावाआधीचं आणि नंतरचं वजन. तीनपैकी दोन गोष्टी, म्हणजे वजन घटलेलं, तहान लागलेली किंवा लघवी गडद, एकत्र दिसल्या की मी थांबून विचारते. गोळाफेकपटूचा नेहमीचा आकडा १.०२२ असेल आणि वजन स्थिर असेल, तर सराव सुरू राहतो. तोच आकडा एखाद्या सकाळी १.०२९ झाला आणि वजन किलोभर उतरलं, तर आधी पाणी आणि मीठ, मग गोळा.