पहिल्या जागेचा हट्ट आम्ही कसा सोडला

आम्ही दोघे भागीदार, ऑर्डरप्रमाणे छापील पुठ्ठ्याचे खोके बनवतो. गूगल सर्चवर ऑनलाइन जाहिरात सुरू केली तेव्हा डोक्यात एकच होतं, आपलं नाव सगळ्यात वर दिसलं पाहिजे. रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी मी स्वतः सर्च करून बघायचो. घसरलेलो दिसलो की बोली, म्हणजे एका क्लिकसाठी जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा, वाढवायची. (स्वतःची जाहिरात अशी शोधू नका. ती दिसल्याची नोंद होते, क्लिक मात्र होत नाही आणि आपलाच क्लिक रेट, म्हणजे दिसल्यापैकी किती वेळा क्लिक झालं ते प्रमाण, पडतो.)

क्लिक वाढले, पण महिनाअखेरीला हातात काही उरेना. तेव्हा भागीदाराने कागदावर हिशेब मांडला. समजा, प्रत्येकी १० दराने १०० क्लिक येतात, खर्च १०००. बोली वाढवली की १३० क्लिक येतात, पण सगळ्यांचाच दर १४ होतो, खर्च १८२०. म्हणजे वरचे ३० क्लिक ८२० ला पडले, एकेक २७ च्या वर! शंभरात ५ जण ऑर्डर देत असतील, तर आधी एक ऑर्डर २०० ला पडत होती; वाढीव क्लिकमधली जवळजवळ ५५० ला पडते. सरासरी १४ दिसते, म्हणून हे लक्षातच येत नाही.

मी तरी अडून बसलो, कारण रिपोर्टमध्ये पहिल्या जागेचा कन्व्हर्जन रेट, म्हणजे क्लिक करणाऱ्यांपैकी ऑर्डर देणाऱ्यांचं प्रमाण, खरोखरच जास्त दिसत होता. मग आमच्याच फर्मचं नाव टाकून शोधणारे वेगळे काढले. ते ओळखीचे, आमच्याकडेच येणारे, आणि त्या सर्चला आम्ही कायम वर. त्यांना वगळल्यावर वरच्या-खालच्या जागेतला फरक जवळपास राहिलाच नाही. गूगलचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ हॅल व्हेरियन यांनी २००९ मध्येच लिहिलं होतं, की जागेनुसार कन्व्हर्जन रेट फारसा बदलत नाही. जागेमुळे क्लिक किती येतात ते बदलतं. खोके घ्यायचे की नाही, हे माणूस पान उघडल्यावर ठरवतो.

त्यात जागा नुसत्या बोलीवर मिळत नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते, उघडणारं पान कसं आहे, हेही मोजलं जातं. कमी बोलीवाला वर जाऊ शकतो. आमच्या जाहिरातीवरून थेट वेबसाइटचं मुखपृष्ठ उघडायचं आणि माप कुठे टाकायचं हे शोधत माणूस निघून जायचा. आता लांबी, रुंदी, उंची आणि नग टाकले की तिथेच भाव दिसतो. इतकी वर्षं बोलीवर ओतलेल्या पैशांपेक्षा या एका पानाने आम्हाला जास्त दिलं, असं मी ठामपणे सांगतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने रिपोर्टमधला सरासरी जागेचा रकानाच काढून टाकला. तोवर आमचं त्याकडे बघणं थांबलं होतं. नुसत्या ‘खोके’ या शब्दावरची बोली आम्ही निम्म्यावर आणली. ‘लोगो छापलेले ५० खोके’ असं शोधणाऱ्यासाठी मात्र आजही हात आखडता घेत नाही.