न्यू जर्सीत आई-बाबांसाठी मेडिकेअर घेणारी नर्स प्रॅक्टिशनर शोधताना

"तुम्ही मेडिकेअर घेता का?" असं फोनवर विचारलं, की बहुतेक दवाखान्यांतून "हो, घेतो" असंच उत्तर येतं. (मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ६५ च्या पुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा.) मग आई-बाबांना दाखवून आणलं, की काही आठवड्यांनी घरी बिल येतं. रिसेप्शनवरची मुलगी खोटं बोललेली नसते, आपला प्रश्नच अर्धवट असतो. दवाखाना घेतो, की तिथली ती ठरावीक नर्स प्रॅक्टिशनरही घेते? मेडिकेअर थेट सरकारचं, की खाजगी कंपनीमार्फतचं? याच शाखेत? नवीन पेशंट घेणं सुरू आहे का? आई-बाबा आणि सासू-सासरे, दोन्हीकडचं हे काम मी केलंय, त्यात जे कळलं ते सगळं इथे लिहिते.

आधी नावाचा घोळ. न्यू जर्सीत नर्स प्रॅक्टिशनरच्या लायसन्सवर 'ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्स' म्हणजे 'एपीएन' असं लिहिलेलं असतं. विमा कंपनीच्या यादीत 'नर्स प्रॅक्टिशनर' टाकून कोणी सापडलं नाही, तर 'एपीएन' टाकून बघा. ती तपासते, निदान करते, रक्ताच्या चाचण्या आणि औषधं लिहून देते. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड अशी नेहमीची दुखणी ती नीट सांभाळते, आणि तिची तारीख बरेचदा डॉक्टरच्या आधी मिळते. २०२० पासून मेडिकेअरमध्ये घरी येणाऱ्या नर्सिंग सेवेची मंजुरीही ती देऊ शकते. एक अडचण मात्र लक्षात ठेवा: मधुमेहींचे खास बूट मेडिकेअरमधून हवे असतील, तर दाखल्यावर डॉक्टरचीच सही लागते.

आता कार्डं टेबलावर काढा. सगळं पुढचं त्यावर ठरतं.

लाल-पांढरं-निळं कागदी कार्ड म्हणजे सरकारी मेडिकेअर. त्यावरचा नंबर ११ अक्षर-अंकांचा असतो, आणि त्यात एस, एल, ओ, आय, बी, झेड ही सहा इंग्रजी अक्षरं मुद्दामच वापरलेली नाहीत. म्हणजे जे गोल दिसतंय ते 'ओ' नाही, शून्यच. उभी रेघ दिसली तर तो एकचा आकडा. फोनवर वाचून दाखवताना "झीरो", "वन" असं स्पष्ट सांगा. एक अक्षर चुकलं की "असा पेशंटच नाही" असं उत्तर येतं आणि आपण उगाच घाबरतो.

हेच कार्ड असेल, तर काम सगळ्यात सोपं. मेडिकेअरमध्ये नोंदलेल्या नर्स प्रॅक्टिशनरला मेडिकेअरनं ठरवलेली रक्कमच मान्य करावी लागते, वर मागता येत नाही. (काही डॉक्टरांना ठरावीक मर्यादेत जास्त लावायची मुभा आहे, तिला नाही.) वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे विम्याआधी आपण भरायची रक्कम, भरून झालं, २०२५ मध्ये ते २५७ डॉलर होतं, की पुढे मंजूर रकमेच्या २० टक्के आपले. विचारायचं एवढंच, की तिनं मेडिकेअरमधून नाव काढून घेतलेलं नाही ना. तशी मोकळीक कायद्यात आहे, आणि तसं असेल तर सगळं बिल आपल्या खिशातून जातं.

कार्डावर खाजगी कंपनीचं नाव आणि 'ॲडव्हांटेज' असेल, तर गोष्ट निराळी. इथे नेटवर्क असतं, म्हणजे कंपनीशी करार असलेले ठरावीक दवाखाने आणि डॉक्टर. एकाच कंपनीच्या नोकरदारांसाठीच्या, मेडिकेअरच्या आणि मेडिकेडच्या (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) योजना असतात, आणि नेटवर्क प्रत्येकीचं वेगळं. म्हणून कंपनीचं नाव सांगून थांबू नका, कार्डावरचं योजनेचं पूर्ण नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. एचएमओ (बहुधा नेटवर्कमधलेच दवाखाने चालतात) की पीपीओ (जास्त पैसे देऊन बाहेरही जाता येतं), तेही.

तिसरं कार्ड एनजे फॅमिलीकेअरचं. आपल्या राज्यातल्या मेडिकेडचं हे नाव. यातही बहुतेकांना एखाद्या कंपनीची योजना निवडावी लागते, तेव्हा नेटवर्कचा नियम तोच. पाहुणे म्हणून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना यातलं काहीच लागू नाही. ग्रीन कार्डवर ६५ च्या पुढच्यांना सलग ५ वर्षं इथे राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. मुलानं कितीही वर्षं कर भरलेला असो, तो त्यांच्या खात्यात धरत नाहीत, म्हणून भाग ए चाही (हॉस्पिटलमध्ये दाखल होण्याच्या खर्चाचा भाग) हप्ता पडतो. २०२५ मध्ये तो महिना ५१८ डॉलरपर्यंत होता, आणि भाग बी चा १८५. दवाखान्यातल्या भेटीचा खर्च भाग बी मधून होतो, पण ॲडव्हांटेज घ्यायचं तर दोन्ही भाग लागतात.

शोध कुठे घ्यायचा? सरकारी मेडिकेअरसाठी मेडिकेअरच्या साइटवर 'केअर कम्पेअर' आहे. झिप कोड टाकून नर्स प्रॅक्टिशनर निवडा. योजना कंपनीची असेल तर कंपनीची यादी, पण ती नुसती सुरुवात समजा. याद्या जुन्या असतात. दुसऱ्या गावी गेलेली, निवृत्त झालेली माणसंही त्यात दिसतात. यादीतून पाच-सहा नावं काढून प्रत्येकीचा एनपीआय, म्हणजे १० आकडी नंबर, समोर लिहून ठेवा. एनपीआयची सरकारी नोंदवही सगळ्यांना खुली आहे. पण नुसता एनपीआय असला म्हणजे ती मेडिकेअर किंवा मेडिकेड घेते, असं होत नाही.

मग दोन फोन. पहिला दवाखान्याला, सकाळी उघडताच नको, दहानंतर. मी विचारते ते असं: या शाखेत, या नावाच्या एपीएनकडे, या योजनेचे नवीन पेशंट घेता का? तिचं स्वतःचं नाव नेटवर्कमध्ये आहे, की फक्त डॉक्टरचं? पहिल्या भेटीची सगळ्यात जवळची तारीख कुठली? रक्त कुठल्या लॅबला जातं? दवाखाना हॉस्पिटलच्या मालकीचा आहे का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. तसा असेल तर एका भेटीची दोन बिलं येऊ शकतात, एक तपासणीचं आणि एक जागेचं. आणि नुकतीच रुजू झालेली एपीएन असेल, तर कंपनीकडे तिची नोंदणी पूर्ण व्हायला वेळ लागतो. डॉक्टर नेटवर्कमध्ये आणि ती बाहेर, असं तेव्हा होऊ शकतं.

दुसरा फोन कार्डाच्या मागच्या नंबरावर. एनपीआय आणि शाखेचा पत्ता देऊन तोच प्रश्न विचारा. तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर वहीत लिहा. पुढे बिलावरून वाद झाला तर हीच वही कामी येते. दोन्हीकडून "हो" आल्याशिवाय तारीख पक्की धरू नका.

एचएमओ असेल तर आणखी एक काम उरतं. कार्डावर 'प्रायमरी केअर', म्हणजे नेहमीचा पहिला डॉक्टर, म्हणून ज्याचं नाव आहे, त्याच्याऐवजी या एपीएनचं किंवा तिच्या दवाखान्याचं नाव घालून घ्या, आणि बदल कुठल्या तारखेपासून लागू होतो ते विचारा. काही योजनांत तो पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून होतो. २८ तारखेला बदल करून ३० ला दाखवायला नेलं, तर क्लेम परत येतो.

सगळीकडून नकार आला, तर सरकारी अनुदानावर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर बघा. 'फाइंड अ हेल्थ सेंटर' या सरकारी पानावर झिप कोड टाकला की जवळची दिसतात. तिथे मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही चालतात, नर्स प्रॅक्टिशनर असतात, आणि विमा नसला तरी उत्पन्नाप्रमाणे फी कमी होते. ज्यांच्या आई-बाबांची ५ वर्षं अजून व्हायची आहेत, त्यांनी हा पत्ता आधीच काढून ठेवावा.

तारीख घेतानाच दुभाष्या मागा. मेडिकेअर-मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या दवाखान्याला तो फुकट द्यावा लागतो, बहुधा फोनवरून. "मराठी" असं ठासून सांगा, नाहीतर नोंदीत हिंदी पडतं. आईला लघवीचा त्रास मुलासमोर सांगायचा संकोच वाटतो, दुभाष्यासमोर ती मोकळी बोलते.

पहिल्या भेटीला औषधांच्या पट्ट्याच घेऊन जा, आणि एका कागदावर ब्रँडच्या नावापुढे मूळ औषध लिहा. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. इकोस्प्रिन ७५ ला इथे नेमकी जोडी नाही, लहान ॲस्पिरिन ८१ मिलिग्रॅमची मिळते, तेव्हा बदल एपीएनलाच ठरवू द्या. आपल्याकडचं पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन नावानं मिळतं. दोन्ही वेगळी समजून ज्येष्ठ माणसं दोन्ही घेतात, ते लिव्हरला धोक्याचं आहे.

भेट 'ॲन्युअल वेलनेस' असेल तर मेडिकेअरमध्ये तिचे पैसे आपल्याला द्यावे लागत नाहीत, पण ती अंगभर तपासणी नव्हे. त्याच वेळी गुडघेदुखी काढली, तर तिचं वेगळं बिल लागू शकतं. सरकारी मेडिकेअरकडून नंतर हिशोबाचा कागद येतो. त्यात 'तुम्हाला जास्तीत जास्त इतकं बिल लागू शकतं' असा रकाना असतो. दवाखान्याचं बिल त्या आकड्याशी ताडून बघा, आणि जास्त असेल तर पैसे भरण्याआधी त्यांच्या बिलिंग विभागाला फोन करा.