अधिवेशन संपल्यानंतरचे काम

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला भरते आणि नेमक्या त्याच काळात बीड, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यातील कितीतरी वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली शाळकरी पोरे एवढीच राहिलेली असतात. कोयते घेऊन निघालेल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या तेव्हा कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा कर्नाटकातील बेळगावकडच्या उसाच्या फडांत असतात. मार्चमध्ये मुंबईत अर्थसंकल्पीय अधिवेशन चालू असते, तेव्हाही अनेक कारखान्यांचा पट्टा पडलेला नसतो, म्हणजे गाळप संपलेले नसते. वर्षातील तीन अधिवेशनांपैकी पावसाळी अधिवेशन तेवढे असे, की त्या वेळी ऊसतोड कामगार स्वतःच्या घरी असतो. मात्र तेच दिवस पेरणीचे आणि पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, टोळीच्या मुकादमाकडून घेण्याचेही असतात. ज्यांच्याबद्दल सभागृहात बोलायचे, ती माणसे सभागृह बसलेले असताना शेकडो किलोमीटर दूर असतात, ही आमच्या भागातील लोकचळवळीची मूळ अडचण आहे आणि आमच्या कामाची सगळी घडण तिच्यातूनच झाली आहे.

बीड जिल्ह्यातील केज आणि धारूर तालुक्यांत ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारा आमचा गट लहान आहे. त्यात अंगणवाडी सेविका आहेत, एक निवृत्त गुरुजी आहेत, अंबाजोगाईच्या न्यायालयात वकिली करणारी एक तरुण मुलगी आहे, आणि स्वतः कोयता चालवलेल्या काही बाया आहेत. नागपूरला मोर्चा नेण्याची चर्चा चालू असताना त्यांच्यापैकी एका मावशींनी विचारले होते, ‘आमी फडात अन् अधिवेशन नागपुरात, मंग मोर्चात चालायचं कुणी?’ या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते, कारण एक दिवस काम बुडाले की खाडा लागतो आणि तो नवरा-बायको मिळून होणाऱ्या एका कोयत्याच्या हिशेबातून कापला जातो.

नागपूरच्या मोर्चांना मी कमी लेखत नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारामुळे विदर्भाला वर्षातून एक अधिवेशन मिळाले आणि त्यानिमित्ताने साऱ्या महाराष्ट्रातील वंचितांना सरकारच्या दारापर्यंत जाण्याची एक वाट मिळाली. यशवंत स्टेडियमवर जमलेले अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, कंत्राटी कर्मचारी, भटक्या-विमुक्त जमातींचे लोक थंडीत रस्त्यावर बसलेले पाहिले म्हणजे राज्याचा कारभार कोणाच्या जिवावर चालतो हे कळते. पण तेथे प्रत्यक्षात घडते ते असे: पोलीस मोर्चा अडवतात, शिष्टमंडळातील चार-पाच जणांना मंत्र्यांच्या भेटीला नेले जाते, निवेदन दिले जाते, छायाचित्र निघते आणि निवेदनावर आवक क्रमांक पडतो. अलीकडे तर हे अधिवेशन आठवडाभरातच आटोपते. २०२४ मध्ये ते १६ ते २१ डिसेंबर एवढेच चालले. त्या धावपळीत हातात पडलेला कागद मंत्री वाचतील, ही अपेक्षा भाबडी आहे. ज्या प्रश्नावर सभागृहात उत्तर द्यावेच लागेल, तो प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी आमदारांमार्फत विधानभवनात दाखल झालेला असावा लागतो. म्हणून आमचे हिवाळी अधिवेशनाचे काम दसऱ्याच्या आसपास, टोळ्यांच्या गाड्या भरण्याआधीच, उरकावे लागते.

तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे त्या प्रश्नाचा, साचा ठरलेला आहे. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग अमुक घडले ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’ चौकशी केली काय, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरांचाही साचा ठरलेला आहे: ‘होय’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’, आणि सर्वांत लबाड उत्तर म्हणजे ‘हे अंशतः खरे आहे’. कोणता अंश खरा आणि कोणता खोटा, हे शोधण्यात पुढचे अधिवेशन निघून जाते. त्यामुळे प्रश्न लिहिताना मोघम विशेषणे गाळून गाव, महिना, योजना आणि रक्कम घालायची, एका प्रश्नात एकच बाब विचारायची आणि तिच्या आधाराचे कागद आमदारांच्या स्वीय सहायकाकडे आधीच देऊन ठेवायचे, अशी शिस्त आमच्या गुरुजींनी लावली आहे. स्वीय सहायक हा या व्यवहारातला सर्वांत दुर्लक्षित माणूस आहे. साहेब कोणत्याही पक्षाचे असोत, प्रश्न टाईप होतो तो त्याच्या टेबलावर, आणि त्याला आपले म्हणणे समजले नसेल तर ते साहेबांच्या तोंडी येण्याची शक्यता फार कमी.

एका प्रश्नामुळे काय होऊ शकते, याचे आमच्या जिल्ह्यातील उदाहरण २०१९ चे आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या त्या वर्षी आल्या. गावोगावच्या आशाताईंना हे नवे नव्हते. पंचविशी-तिशीतल्या बायांच्या पोटावरचे टाके त्या कितीतरी वर्षे पाहत होत्या. पण जूनच्या पावसाळी अधिवेशनात विधान परिषदेत हा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन आरोग्यमंत्र्यांना आकडा सांगावा लागला: २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. सरकारी कागदावर हा आकडा येईपर्यंत ‘बाया खोटे सांगतात’, ‘त्यांनाच पाळीची कटकट नको असते’, असे उत्तर सुशिक्षित माणसेही देत असत. फडावर आडोसा नाही, पाणी नाही, पहाटेपासून मोळ्या वाहायच्या, पाळीच्या दिवसांतही खाडा परवडायचा नाही आणि दुखणे घेऊन गेले की डॉक्टरने कर्करोगाची भीती घालायची, ही साखळी समजून घ्यायची तयारी कोणाची नव्हती.

समितीच्या शिफारशींनंतर जिल्ह्यात गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आवश्यक झाले, आणि हंगामाला जाण्यापूर्वी व परतल्यावर आरोग्य तपासणी करण्याचे ठरले. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी हा विषय पुढेही लावून धरला. आमच्यासारख्या स्थानिक गटांच्या वाट्याला येते ते मात्र अगदी साधे, कंटाळवाणे काम: ठरलेली तपासणी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात खरोखर होते का, हे पाहायचे. तपासणी म्हणजे रक्तदाब मोजून वहीत नाव लिहिणे, की हिमोग्लोबिन पाहून गोळ्या देणे आणि गरज असेल तिला पुढे पाठवणे? ज्या गाड्या रात्री भरून पहाटे निघतात, त्यांतल्या बायांना तपासणीची तारीख कोण कळवते? असले प्रश्न कोणत्याही अधिवेशनात विचारले जात नाहीत. ते आरोग्य केंद्राच्या ओट्यावर उभे राहून दर वर्षी नव्याने विचारावे लागतात.

तीच गोष्ट ओळखपत्रांची. ग्रामसेवकाने (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे) ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्र द्यावे, असे सरकारने २०२१ मध्ये ठरवले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रतिटन १० रुपये घेण्याची आणि तेवढीच भर सरकारने घालण्याची तरतूद आहे, संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आहे. कागदावर पाहिले तर ऊसतोड कामगारासाठी काही केलेच नाही असे म्हणता येत नाही, आणि आमच्यातले काही जण भाषणात तसे म्हणतात ते मला पटत नाही. खरी तक्रार अशी आहे, की या प्रत्येक गोष्टीची सुरुवात गावातील नोंदीपासून होते आणि ती नोंद करणारा माणूस जागेवर असतो तेव्हा कामगार नसतो. ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखा पाहा: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. जानेवारीची सभा ऊसतोड कुटुंबांवाचूनच होते. म्हणून नोंदणीचा विषय आम्ही १ मे आणि १५ ऑगस्टच्या सभांतच घ्यायला लावतो, त्याचा ठराव इतिवृत्तात लिहून घेतो आणि ठरावाची प्रत सहीशिक्क्यासह मागतो. प्रत मागितली की ग्रामपंचायतीत जरा कुजबुज होते, पण मिळते.

मजुरीचा दर हा तर विधिमंडळाच्या कक्षेबाहेरच राहिला आहे. तो साखर संघ, कामगार संघटना आणि वजनदार नेते यांच्या बैठकीत ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात ३४ टक्के वाढीवर तडजोड झाली, ती तशीच. एवढ्या मोठ्या कामगारवर्गाची मजुरी कायद्याने नव्हे तर नेत्यांच्या मध्यस्थीने ठरावी, हे पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला शोभत नाही, असे माझे मत आहे.

सभागृहातील विजयावर विसंबून राहू नये, हे मराठवाड्याला खरे तर कोणी नव्याने शिकवायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने संमत केला. मुंबईत बाके वाजली आणि इकडे दलित वस्त्या पेटल्या. नांदेड, परभणीकडच्या गावांत घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, बहिष्कार पडले, आणि सरकारने अंमलबजावणी थांबवली. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, सत्याग्रह झाले, हजारोंनी तुरुंगवास पत्करला, आणि १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या नावात ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ आले, तेही नामांतर न म्हणता नामविस्तार म्हणून. एकमताने झालेला ठराव अमलात यायला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला, तो सभागृहातील मते कमी पडली म्हणून नव्हे. गावातील सवर्ण समाजाशी बोलण्याचे काम ठरावाआधी झालेच नव्हते आणि ठरावानंतर ते करायला पुढे आलेली माणसे फार थोडी होती. त्या थोड्यांनी शिव्या खाल्ल्या, नोकऱ्या आणि नातीही गमावली. आमचे गुरुजी त्या काळी विद्यार्थी होते. त्यांच्या बोलण्यात हा विषय निघाला की ते ठरावाबद्दल एक वाक्य बोलतात आणि पुढची वर्षे मात्र तपशीलवार सांगतात.

आपल्या पुरोगामी वर्तुळाला ठरावांचा मोह अजूनही आहे. परिषद भरवायची, उद्घाटनाला मुंबई-पुण्याचा पाहुणा बोलवायचा, संध्याकाळी अकरा-बारा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत करायचे आणि ते मुख्यमंत्र्यांना रवाना करायचे. त्यातून आपली माणसे एकमेकांना भेटतात, धीर येतो, हे मान्य. पण मराठवाड्यातून विधानसभेवर ४६ आमदार जातात, आणि त्यांपैकी पाच जणांशी वर्षातून दोनदा मुद्देसूद बोलणे झाले तर ते बारा ठरावांपेक्षा अधिक उपयोगी पडते. यात आवडीनिवडी ठेवून चालत नाही. विचाराने आपल्यापासून पार दूर असलेल्या आमदाराच्या मतदारसंघातही कोयते असतात, आणि ऊसतोडीचा प्रश्न त्याने विचारला तर सत्ताधारी बाकांवरून गोंधळ होत नाही.

अधिवेशन संस्थगित झाले की वर्तमानपत्रांचा विषय संपतो आणि आमच्या वकीलताईंचे काम सुरू होते. मंत्र्यांनी सभागृहात ‘तपासून घेऊ’, ‘बैठक लावू’, ‘महिनाभरात निर्णय घेऊ’ असे जे जे म्हटले असेल, ते कार्यवाहीतून शब्दशः उतरवून घ्यायचे. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. आपला विषय तिच्या नोंदीत गेला का, हे आमदारांमार्फत विचारता येते. जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज असतोच, १० रुपयांचा आणि ३० दिवसांच्या मुदतीचा. ‘बैठक लावू’ म्हटले होते, ती बैठक कोणत्या तारखेला झाली आणि तिचे इतिवृत्त द्यावे, एवढेच विचारायचे. बैठक झालीच नाही, असे लेखी उत्तर आले तरी ते मोलाचे असते, कारण पुढच्या अधिवेशनातील प्रश्नाचा पहिला भाग तयार मिळतो.

पूर्वी मराठवाडा वैधानिक विकास मंडळ होते. त्याचे अधिकार तोकडे असले तरी अनुशेषाचा, म्हणजे विकासातील मागे राहिलेल्या वाट्याचा, हिशेब विचारायला एक दार होते. ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. १६ सप्टेंबर २०२३ ला छत्रपती संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि ४५ हजार कोटींहून अधिक रकमेच्या घोषणा झाल्या. त्या घोषणा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या दिवशीच्या असल्याने टाळ्या भरपूर मिळाल्या, पण मंत्रिमंडळाच्या घोषणेला विधिमंडळातील आश्वासनासारखी समितीची नोंद मिळत नाही. तिचा मागोवा घ्यायचा तर प्रत्येक घोषणा वेगळी करून, संबंधित खात्याच्या शासन निर्णयाशी आणि पुरवणी मागण्यांतील तरतुदीशी ताडून पाहावी लागते. हे काम एखाद्या महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागाने अंगावर घेतले तर फार बरे होईल.

येत्या पावसाळी अधिवेशनासाठी आमचे तीन प्रश्न लिहून तयार आहेत: केज व धारूर तालुक्यांत गावनिहाय किती ओळखपत्रे दिली गेली, महामंडळाकडे प्रतिटन वसुलीतून किती रक्कम आली व तिच्यातून स्त्रियांच्या आरोग्यावर किती खर्च झाला, आणि हंगामापूर्वीच्या तपासणीत रक्तक्षय आढळलेल्या किती जणींना पुढील उपचार मिळाले. तिसऱ्या प्रश्नाला ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे उत्तर येण्याची शक्यता अधिक, म्हणून आरोग्य केंद्रांच्या नोंदवह्यांच्या प्रतींसाठी माहिती अधिकाराचे अर्ज आधीच टाकले आहेत. १ मेच्या ग्रामसभेपूर्वी ज्या गावांतील टोळ्या परतल्या असतील, तेथे मावशी आणि वकीलताई घरोघर जाऊन हंगामातील दुखणी आणि खाडे लिहून घेणार आहेत. ही कामे कोणाला आपल्या तालुक्यात करायची असतील तर प्रश्नांचा मसुदा देता येईल. फक्त गावांची नावे आणि आकडे ज्याने त्याने आपले घालावेत.