पट्टी कुठं शिरते, कुठं बाहेर पडते

बी.एस्सी.ला फिजिक्स-मॅथ्स घेतलेल्या ज्युनिअर पोरी भेटल्या की हमखास विचारतात, “ताई, मल्टिपल इंटिग्रल आणि व्हेक्टर कॅल्क्युलसचा पेपर कसा काढलास?” माझं उत्तर ठरलेलं आहे: गणितं थोडी कमी सोडवा, चित्रं जास्त काढा. त्यांना ते पटत नाही. बारावीपर्यंत इंटिग्रेशन म्हणजे सूत्रं, सब्स्टिट्यूशन, बाय पार्ट्स. या पेपरात ते सगळं शेवटच्या दोन-चार ओळींत उरकतं. खरं काम त्याच्या आधी असतं.

मी वसमत तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. कॉलेज नांदेडला, पुस्तकं इंग्रजी. डबल इंटिग्रलच्या, म्हणजे एक्स आणि वाय अशा दोन्हींवर एकापाठोपाठ इंटिग्रेशन करायच्या धड्यात पहिल्यांदा घाबरवलं ते लिमिट्सनी, म्हणजे कुठून कुठपर्यंत इंटिग्रेशन करायचं त्या सीमांनी. उदाहरण सुटलेलं असायचं, पण ही लिमिट इथं शून्य आणि तिथं एक्स कशी आली, ते पुस्तक सांगायचं नाही. आमचे सर मात्र इंटिग्रलचं चिन्ह काढायच्या आधी रंगीत खडूनं तो सगळा भाग फळ्यावर रंगवायचे, त्यात एक बारीक पट्टी ओढायचे आणि विचारायचे, “सांगा, पट्टी कुठं शिरली? कुठं बाहेर पडली?” शिरते ती खालची लिमिट, बाहेर पडते ती वरची. वर्गातून उत्तर आल्याशिवाय ते पुढं सरकत नसत. अभ्यासक्रम मागं पडतोय अशी कुरकुर व्हायची, पण मला आजही वाटतं की त्यांचंच बरोबर होतं.

त्यांचं आवडतं उदाहरण सांगते. ई चा घात वाय-वर्ग, हे फंक्शन. आतलं इंटिग्रेशन वायचं, एक्सपासून १ पर्यंत. बाहेरचं एक्सचं, ० ते १. आता ई चा घात वाय-वर्ग याचं इंटिग्रेशन आपल्या ओळखीच्या कुठल्याच फंक्शनमध्ये लिहिता येत नाही, म्हणजे पहिल्याच पायरीला वाट बंद. पण चित्र काढलं की दिसतं, हा एक साधा त्रिकोण आहे. उभ्या पट्टीऐवजी आडवी पट्टी घ्या. ती एक्स बरोबर शून्यला शिरते आणि एक्स बरोबर वायला बाहेर पडते. आतलं इंटिग्रेशन झालं की बाहेर एक वाय गुणाकारात येऊन बसतो, आणि मग बारावीचंच सब्स्टिट्यूशन लागतं. उत्तर, (ई वजा एक) भागिले दोन. फंक्शन तेच, त्रिकोण तोच, फक्त पट्टी आडवी झाली. त्या दिवशी मला हा विषय आवडायला लागला.

ट्रिपल इंटिग्रल मला समजलं ते गावाकडं. उन्हाळ्यात तात्यांच्या रानात शेततळं खोदायचं चाललं होतं. वरून ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, चारी बाजूंना एकास एक उतार. म्हणजे तळाला २४ बाय २४. तात्या म्हणाले, “सत्तावीस लाख लिटर बसंल की गं.” तीस गुणिले तीस गुणिले तीन, २७०० घनमीटर, हिशेब सरळ होता. पण भिंती उभ्या नव्हत्या ना! तळापासून झेड उंचीवर तळ्याची बाजू २४ अधिक दोन झेड भरते. तिचा वर्ग म्हणजे त्या थराचं क्षेत्रफळ, एक्स आणि वायचं इंटिग्रेशन तिथंच उरकतं. मग झेडचं ० ते ३ इंटिग्रेशन केलं की २१९६ घनमीटर येतात. म्हणजे सुमारे बावीस लाख लिटर. वरचं आणि तळाचं क्षेत्रफळ घेऊन सरासरी काढायची आणि खोलीनं गुणायचं, असंही बरेच जण करतात. त्यानं २२१४ येतात, १८ घनमीटर जास्त.

इथं ऑर्डरचं, म्हणजे कोणतं इंटिग्रेशन आधी करायचं याचं महत्त्व पुन्हा कळतं. झेड शेवटी ठेवला तर एका ओळीत काम होतं. झेड आधी घेतला तर तळं नऊ तुकड्यांत फुटतं: मधला सपाट भाग, चार उताराच्या बाजू आणि चार कोपरे. मी मुद्दाम तसंही करून पाहिलं. मधला भाग १७२८, बाजू ४३२, कोपरे ३६. बेरीज २१९६! वहीच्या त्या पानावर मी तारीख टाकून ठेवली आहे.

त्याच तळ्यानं सरफेस इंटिग्रलही शिकवलं. आत अंथरायला प्लास्टिकचा कागद किती लागणार? तळ ५७६ चौरस मीटर. वरून सरळ खाली पाहिलं तर उताराचा भाग ९०० वजा ५७६, म्हणजे ३२४ दिसतो, पण उतारावरचं खरं क्षेत्रफळ त्याच्या वर्गमूळ दोन पट असतं. ते झालं सुमारे ४५८. एकूण १०३४ चौरस मीटर, काठावर दाबायचा कागद वेगळा. पुस्तकातला तो भीतीदायक डीएस (पृष्ठभागाचा बारीकसा तुकडा) म्हणजे सावलीवरून उताराचं खरं क्षेत्रफळ काढणं, एवढंच आहे.

एक्स-वाय-झेडऐवजी अंतर आणि कोन वापरणाऱ्या पोलर, सिलिंड्रिकल, स्फेरिकल पद्धतींत फार अडचण नाही, जॅकोबियन, म्हणजे पद्धत बदलल्यावर गुणायचा तो घटक, विसरायचा नाही बस. एक मात्र सांगून ठेवते. स्फेरिकलमध्ये फिजिक्सची पुस्तकं झेड-अक्षापासूनच्या कोनाला थीटा म्हणतात, आणि गणिताची बरीच पुस्तकं त्यालाच फाय म्हणतात. आमच्याकडं दोन तासिका लागोपाठ असायच्या आणि थीटा दर तासाला जागा बदलायचा. म्हणून पानाच्या डोक्यावर आधी लिहायचं, कोणता कोन कोणता.

व्हेक्टरकडं वळल्यावर फ्लक्स, म्हणजे एखाद्या पृष्ठभागातून किती आरपार जातं ते, समजायला आपल्याकडं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात जायकवाडीचे दरवाजे उघडले की पेपरात क्युसेकमध्ये विसर्ग छापून येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. पाण्याचा वेग आणि दरवाजाचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार, पण वेगाचा दरवाजाला लंब असलेला भागच धरायचा. तो डॉट प्रॉडक्ट इथूनच येतो. गॉसचं प्रमेय त्यापुढचं एक पाऊल: बंद पृष्ठभागातून एकूण किती बाहेर पडलं, ते आतल्या प्रत्येक बिंदूच्या डायव्हर्जन्सची (त्या बिंदूपासून किती बाहेर पसरतंय, त्या मापाची) बेरीज सांगते.

ग्रीनचं प्रमेय मला सगळ्यात जवळचं. जॉर्ज ग्रीन हा नॉटिंगहॅमच्या बेकरीवाल्याचा मुलगा, वडिलांच्या पवनचक्कीत काम करणारा, शाळा जेमतेम झालेली. १८२८ मध्ये त्यानं आपला निबंध वर्गणीदारांच्या पैशावर छापला, आणि केंब्रिजला शिकायला गेला तो चाळिशीत. त्याच्या प्रमेयानं नुसत्या बांधावरून शेताचं क्षेत्रफळ निघतं, आत पाय ठेवावा लागत नाही. कोपरे मीटरमध्ये (०,०), (८०,०), (७०,५०), (१०,६०) धरा. एका कोपऱ्याचा एक्स गुणिले पुढच्याचा वाय, वजा पुढच्याचा एक्स गुणिले याचा वाय. अशी चारी बाजूंची बेरीज ७७०० येते, तिचं निम्मं ३८५० चौरस मीटर, म्हणजे ३८ गुंठ्यांना किंचित जास्त. घड्याळाच्या उलट दिशेनं फिरायचं, नाहीतर उत्तर वजा येतं. स्टोक्सच्या प्रमेयात (ग्रीनचंच, पण वाकड्या पृष्ठभागावरचं) लागणारा उजव्या हाताचा नियमही मी या बांधावरूनच लक्षात ठेवला.

परीक्षेच्या आधी मी नवीन गणितांना हात लावला नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घेतल्या, प्रत्येक प्रश्नाचं फक्त चित्र काढलं, लिमिट्स लिहिल्या आणि पुढच्या प्रश्नाला गेले. इंटिग्रेशन सोडवत बसले असते तर त्याच वेळात त्याच्या पावपटसुद्धा झालं नसतं.

गॉस लावताना एक गोष्ट तपासायचीच: पृष्ठभाग बंद आहे का? पेपरात ए त्रिज्येचा अर्धगोल आला, तळाशिवाय, आणि व्हेक्टर फील्ड (एक्स, वाय, झेड). गॉस थेट लागत नाही. मी तळाला सपाट झाकण धरलं. डायव्हर्जन्स ३, अर्धगोलाचं घनफळ दोन-तृतीयांश पाय ए-घन, म्हणून एकूण फ्लक्स दोन पाय ए-घन. झाकणावर झेड शून्य, त्यामुळे तिथला फ्लक्स शून्य. वजा करायला काहीच उरलं नाही. मग थेट पृष्ठभागावर पडताळा घेतला: फील्डचा लंब भाग सगळीकडं ए, क्षेत्रफळ दोन पाय ए-वर्ग. गुणाकार तोच आला, आणि मी पुढच्या प्रश्नाचं चित्र काढायला घेतलं.