ठसे-किट: मागचा डावा पाय अखेर पसरला

जमलं! शाळांसाठीच्या ठसे-किटमधल्या बिबट्याच्या नकली पायाने, एकाच पायाचे दोन ठसे: कोरड्या फुफाट्यात ७.१ सेंटिमीटर रुंद, ओल्या शाडूत ८ च्या पुढे. मापं पाचवीतल्या मुलींनी घेतली, मी फक्त पट्टी हातात दिली. अख्खा पावसाळा या एका पायाने डोकं खाल्लं होतं, म्हणून आधी हेच लिहून टाकतो. किटमधल्या बाकीच्या पाकिटांचं नंतर.

हा पाय पसरलाच पाहिजे असा हट्ट का, ते पुन्हा सांगतो. सरोज राज चौधरींनी १९६६ मध्ये ओडिशात पगमार्कवरून, म्हणजे पंजाच्या ठशावरून, वाघ मोजायची पद्धत बसवली. मागच्या डाव्या पायाचा ठसा काचेवर गिरवायचा, मापं काढायची आणि त्यावरून हा वाघ वेगळा, तो वेगळा ठरवायचं. देशभर कित्येक वर्षं हेच चाललं. पुढे २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्क्यात कागदावर वाघ आणि जंगलात एकही नाही हे उघड झालं, आणि २००६ च्या गणनेपासून कॅमेरा ट्रॅपवर (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) भर आला. मातीप्रमाणे, चालीप्रमाणे एकाच जनावराचा ठसा लहानमोठा होतो, हा त्या पद्धतीवरचा मोठा आक्षेप. फळ्यावर सांगून हे मुलांच्या डोक्यात शिरत नाही. स्वतःच्या हाताने एका पायाचे चार ‘बिबटे’ केले की लगेच शिरतं.

आणि नेमकं तेच होत नव्हतं. उसाच्या बांधावर खऱ्या ठशात प्लास्टर ओतून घेतलेल्या कास्टवरून रेझिनचा जो पाय केला होता, तो दिसायला देखणा, पण ताठ. फुफाट्यात दाबा, चिखलात दाबा, माप तेच. एका मुलाने सरळ विचारलं, “सर, मग जुनी पद्धत बरोबरच होती की!” समोरच्या आकड्यांवरून त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

मग सिलिकॉन. पेणच्या एका मूर्तिकारांकडे रबरी साच्याचं काम बघून आलो. त्यांचं साच्याचं सिलिकॉन साच्यालाच चांगलं, पायाला फार कडक. मऊ ग्रेडचं ऑनलाइन मागवलं तर हार्डनर जुना आला. आठवडा झाला तरी पाय चिकटच. सिलिकॉन दुकानात जाऊन, डब्यावरची तारीख वाचूनच घ्यावं, या मतावर मी आता ठाम आहे. दुसऱ्या दुकानातलं नीट सेट झालं, गादी चपटीही व्हायला लागली, पण बोटांमधलं अंतर हलेना. चारही बोटं एकाच सलग पाठीवर ओतलेली, ती फाकणार कशी?

उत्तर मिळालं चप्पल दुरुस्तीच्या टपरीवर. काकांनी पाय हातात घेऊन वाकवून बघितला आणि म्हणाले, “मधी फाका मारा. वजन पडलं का आपोआप उघडंल.” त्यांच्याकडचंच हवाई चपलेचं जुनं रबर घेतलं. चार बोटं आणि मागची गादी वेगवेगळी कापली, कडा पॉलिश पेपरवर गोल घासल्या, म्हणजे पाय जितका रुतेल तितका ठसा रुंद. पाठीला किंचित खोलगट स्पंज, बोटांच्या मधे फाका, आणि सगळं सोल्युशनने चिकटवलं. ओंजळ पालथी घालून टेबलावर दाबली की बोटं जशी फाकतात, तसा हा पाय फाकतो. सिलिकॉनच्या मानाने खर्च नगण्य, आणि फाटला तर गावातच दुरुस्त होतो. माझ्या लेखी कुठल्याही शाळा-किटची हीच पहिली अट असावी.

हाताने दाबून मात्र पुरेसं वजन पडत नाही. पन्नास-साठ किलोचा बिबट्या चालताना दोन-तीन पायांवर असतो, म्हणजे एका पायावर साधारण वीस ते तीस किलो. पाचवीतलं मूल एका पायावर उभं राहिलं की जवळपास तेवढंच! म्हणून वर पट्टा लावला. बिबट्याची चप्पल.

हे लिहिता लिहिताच सुचतंय: डावी-उजवी जोडी केली तर मुलं मातीच्या पट्टीवर चालू शकतील, ठशांमधलं अंतरही मोजता येईल. शिवाय बिबट्याचा मागचा पाय बहुतेक वेळा पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडतो. म्हणजे दोन मुलं एकामागे एक, दुसऱ्याने पहिल्याच्या ठशावर पाय ठेवत. ठिपक्यांवरून बिबट्या ओळखायची कार्डं या महिन्यात पूर्ण करणार होतो. ती आता मागे. आधी जोडी.

प्लास्टरचाही एक छोटा विजय. शाळांमध्ये ते कालवता कालवताच घट्ट व्हायचं. कारण भांड्याला चिकटलेले जुने कण: सेट झालेलं प्लास्टर नव्याला घाईने घट्ट करतं. अर्धा कापलेला रबरी चेंडू वापरा, दाबला की वाळलेला थर निघून पडतो. चिमटीभर लिंबूसत घातलं की आणखी उसंत मिळते.

कार्डं लांबली तरी वगळणार नाही. डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात, म्हणून कॅमेरे समोरासमोर जोडीने लावतात. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे लावून नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेतशिवारात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे असल्याचं २०१३ मध्ये मांडलं. जुन्नर-आंबेगावच्या मुलांना हा आकडा परका वाटत नाही, त्यांच्या घरामागे ऊस आहे. म्हणून किटच्या झाकणावरची सूचना या वेळी मोठ्या अक्षरात छापतोय: ठसे शाळेच्या आवारातच करायचे, खरा ताजा ठसा दिसला तर त्याच्या मागे जायचं नाही, मोठ्यांना सांगायचं.

पुढचं जनावर तरस. नखं उमटतात आणि पुढचा पाय मागच्यापेक्षा स्पष्ट मोठा, त्यामुळे बिबट्याशेजारी ठेवायला उत्तम. कुणाकडे पुढच्या पायाची स्वच्छ कास्ट असेल तर आठवडाभर द्या. साचा मी करून घेतो, एक पाय तुमचा.