कुंडी भंडाऱ्यात नाना

शाळेच्या दाखल्यावर नानांची जन्मतारीख १ जून आहे, पण ती त्या वेळच्या गुरुजींनी सोयीसाठी घातलेली. आजी सांगत असे त्याप्रमाणे त्यांचा जन्म पौषातल्या शुद्ध पक्षातला, हरभऱ्याला घाटे धरतात त्या दिवसांतला. आमच्या घरात वाढदिवस करण्याची रीत नव्हती. यंदा मात्र त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होत असल्याने मी जळगावहून मुद्दाम गावी गेले आणि एक दिवस कुठे जायला आवडेल असे विचारले. त्यांनी लगेच बऱ्हाणपूरचे नाव घेतले. सावद्याजवळच्या आमच्या गावापासून ते फार लांब नाही आणि नाना तिथे अनेकदा गेलेही होते, पण पंपाचे सुटे भाग आणायला, एकदा बैलजोडी पाहायला आणि दोन-तीन लग्नांना. "गाव नुसतं कामापुरतं पाहिलं, बाई," एवढेच ते म्हणाले.

सकाळी सातला आम्ही निघालो. रावेर मागे पडेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा होत्या आणि डाव्या हाताला सातपुडा सतत सोबतीला होता. राज्याची सीमा ओलांडल्यावर पाट्यांवरची भाषा बदलते. माती, पिके आणि माणसांची बोलण्याची धाटणी मात्र बराच वेळ आपलीच वाटत राहते. त्यात नवल नाही, कारण फारुकी सुलतानांनी पंधराव्या शतकाच्या आरंभी वसवलेले हे शहर दोनशे वर्षे खानदेशाची राजधानी होते. १६०१ मध्ये अकबराने जवळचा असीरगड घेतला, फारुकींचे राज्य संपले, आणि शहजादा दानियालच्या नावावरून काही काळ या मुलखाला दानदेश म्हटले गेले. ज्याला आपण आपला खानदेश म्हणतो त्याचा केवढा तरी इतिहास सीमेपलीकडच्या या शहरात आहे, आणि आपण तो आपला म्हणून पाहायला जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रथम आम्ही जामा मशिदीत गेलो. काळसर दगडातील ही मशीद आदिलशहा फारुकीने, म्हणजे राजा अली खानाने, बांधली. आतल्या भिंतीवर अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे, आणि त्यात फारुकी घराण्याची वंशावळ दिलेली आहे, हे मी नानांना आधी सांगितले नव्हते. नागरी अक्षरे दिसताच ते चष्मा पुसून भिंतीजवळ गेले. लेखाचा काळ संवत १६४६, शके १५११ असा असून महिना पौष आहे. रोज सकाळी पंचांग उघडणाऱ्या नानांना सुलतानाच्या मशिदीत तिथी कोरलेली पाहून जो आनंद झाला, तो त्यांच्या चेहऱ्यावर बराच वेळ होता. "हा तर आपलाच महिना," असे ते दोनदा म्हणाले.

शाही किल्ल्यात मात्र त्यांचे मन फारसे रमले नाही. मुमताज महलचे निधन १६३१ मध्ये याच शहरात झाले आणि आग्र्याला नेण्यापूर्वी तिला तापीपलीकडच्या आहुखान्यात दफन केले होते, हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. हमामाच्या छतावरची उरलेली रंगीत वेलबुट्टी पाहिली. आणि गच्चीवरून तापीचे पात्र दिसल्यावर तिथेच उभे राहून संभाजी महाराजांच्या फौजेने १६८१ मध्ये बऱ्हाणपूरवर घातलेल्या छाप्याची, हंबीरराव मोहित्यांची गोष्ट मला सांगितली. या शहराविषयी शाळेत त्यांना तेवढेच शिकवले होते. नंतर नदीकाठी सावलीत बसून आम्ही घरून नेलेले भरीत, पुऱ्या आणि कांद्याची पात खाल्ली.

दुपारी कुंडी भंडाऱ्याला पोहोचलो. खरे तर मी हा दिवस त्याच जागेसाठी आखला होता. नानांचे सारे आयुष्य पाणी शोधण्यात गेले आहे. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी विहीर आणखी खोल केली, पुढे तिच्या तळातून आडवे बोअर मारले, नंतर ट्यूबवेल घेतली, ती आटल्यावर दुसरी. पाणाड्याने हातात नारळ धरून दाखवलेल्या जागांवर पैसे घालवून झाले. यावल-रावेर पट्ट्यातल्या कोणत्याही केळी बागायतदाराला ही हकिकत नवी वाटणार नाही; दरवर्षी पाण्याची पातळी खाली जाते आणि पाइप वाढवावे लागतात.

इथे मात्र वेगळाच हिशेब आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्यातून मुरून तापीकडे सरकणारे पाणी जमिनीखालीच अडवले. विहिरीसारख्या कुंड्या ओळीने खणून त्या तळाशी बोगद्याने जोडल्या आणि बोगद्याला इतका बेताचा उतार दिला की मोट, रहाट यांतले काही न लागता पाणी आपोआप शहराकडे यावे. शहरासाठी असे आठ भंडारे बांधले गेले. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांतल्या काहींची नावे. कुंडी भंडाऱ्यात शंभरावर कुंड्या असून वरून पाहिल्यास शेतांमधून गेलेली गोल तोंडांची रांगच दिसते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत त्याचा समावेश झाला.

लहानशा लिफ्टने आम्ही सुमारे ऐंशी फूट खाली उतरलो. नानांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि माझा हात न धरता पाण्यात पाय टाकला. पाणी काचेसारखे स्वच्छ होते. भिंतींवर चुन्याचा पांढरा थर शतकानुशतके साचून त्याला मेणाच्या ओघळांसारखा आकार आला आहे. नानांनी त्यावर नख घासले, बोटाला लागलेली भुकटी पाहिली आणि मग खाली वाकून पाण्याच्या पृष्ठभागावर तळहात नुसता टेकवला. मला वाटले, ते पाणी पिणार आहेत. तसे काही नव्हते. पाणी कोणत्या दिशेने वाहते ते त्यांना हाताला जाणवून घ्यायचे होते. अगदी हळू, पण ते वाहत होते. "पंप कुठेच नाही," असे ते म्हणाले, आणि लिफ्टवाल्या माणसाने दुसऱ्यांदा हाक मारेपर्यंत तिथून हलले नाहीत.

वर आल्यावर त्यांनी एका कुंडीपासून दुसरीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजले आणि आकडा माझ्याकडून मोबाइलमध्ये लिहून घेतला. बाजारात मावा जिलेबी घेतली. गडद तपकिरी, जाड, पाकात बुडालेली ही जिलेबी आपल्या नेहमीच्या जिलेबीपेक्षा मऊ आणि भरीव लागते. नानांनी एक खाल्ली आणि घरच्यांसाठी अर्धा किलो बांधून घेतली. असीरगड राहिला, कारण दिवस लहान होता.

परतीच्या वाटेवर ते फारसे बोलले नाहीत. घरी पोहोचलो तेव्हा ओट्यावर धाकटा भाऊ बोअरच्या गाडीवाल्याशी फोनवर बोलत होता. तिसरी ट्यूबवेल गुरुवारी सुरू करायची असे त्याचे ठरले होते. नानांनी जिलेबीचा पुडा त्याच्या हातात दिला, त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "गाडी पुढच्या आठवड्यात बोलाव. गुरुवारी तू माझ्यासोबत बऱ्हाणपूरला चल."